चर्चच्या पायरीवर अनवाणी

नमस्कार. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. इथे सिंगापूरला टॅम्पिनीसहून तुआसला कामाला जायचं म्हणजे MRT मध्ये, इथल्या मेट्रोत, सव्वा तास सहज जातो. तेवढ्या वेळात दोन-तीन अनुभव वाचून व्हायचे आणि मनातल्या मनात मी त्यांची चिरफाड करायचो... इथे याला डुलकी लागली असणार, इथे हिला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असणार. पेशाने मी जहाजदुरुस्तीतला इंजिनिअर आहे. यंत्र आवाज करतंय म्हणजे आत काहीतरी घासतंय, एवढीच माझी श्रद्धा. सांगलीला आई नारळ-लिंबू उतरवून टाकायची तेव्हा मी तेच लिंबू उचलून सरबत करून प्यायचो. तर असा माणूस आज तुमच्यासमोर लिहायला बसलाय.

एक आधीच सांगतो. हे वाचून घाबरायला होणार नाही. मलाही भीती वाटली नव्हती. भीती वाटली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

सगळ्यांची नावं बदलली आहेत.

सुरुवात तीन वर्षांपूर्वीची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. तुआसला एका शिपयार्डमध्ये मी रिपेअर मॅनेजर होतो. जहाज गोदीत लागलं की त्याच्या पोटातल्या टाक्या उघडतात आणि माणसं आत उतरून काम करतात. या टाक्यांमध्ये एक छुपा धोका असतो. बंद लोखंडी जागेत गंज चढत जातो आणि तो आतला प्राणवायू खाऊन टाकतो. वास येत नाही, धूर दिसत नाही. माणूस शिडी उतरतो आणि तळाशी पोचेपर्यंत बेशुद्ध पडतो. म्हणून नियम असा, की मीटर लावून आतली हवा तपासायची, कागदावर सही करायची आणि मगच माणूस आत सोडायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासायची. सकाळची तपासणी दुपारी चालत नाही.

आमच्याकडे मुरुगेसन नावाचा फिटर होता. पंचेचाळिशीचा, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई भागातला. मिश्या पिकायला लागलेल्या, गळ्यात कायम एक चौकटीचा टॉवेल. सिंगापूरला येण्याआधी सात-आठ वर्षं मुंबईच्या गोदीत काढलेली, त्यामुळे हिंदी बरं बोलायचा आणि मी मराठी आहे हे कळल्यावर "कसं काय साहेब, बरं हाय ना?" एवढं मराठीही. या माणसाची सगळ्या यार्डात चेष्टा व्हायची, कारण हवा तपासल्याशिवाय तो टाकीच्या तोंडात पायसुद्धा टाकत नसे. सही झालेली असली तरी पुन्हा विचारायचा — "चेक?" पोरं त्याला चेक अण्णा म्हणायची.

त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला मी जहाजावर होतो. टाकीतला एक व्हॉल्व्ह सकाळी बसवून झाला होता आणि दोन वाजता तो बघायला सर्व्हेअर येणार होता. बोल्ट नीट आवळलेत की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. हवा तपासणारा माणूस शेजारच्या जहाजावर अडकलेला. मुरुगेसन टाकीच्या तोंडाशी उभा होता, हेल्मेट हातात.

"अण्णा, जरा उतरून बोल्ट बघून ये," मी म्हणालो.

त्याने टाकीकडे बोट दाखवलं. "साहेब... चेक?"

"झालाय. जा, पाच मिनिटांचं काम आहे."

झाला नव्हता. सकाळी झाला होता. मला वाटलं, चार तासांत काय होतंय... त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मीटर दिसत नव्हता, कागद दिसत नव्हता, पण साहेब सांगतोय. त्याने हेल्मेट घातलं आणि उतरला. तेवढ्यात मला फोन आला म्हणून मी दुसऱ्या बाजूला गेलो.

वीस मिनिटांनी हवा तपासणारा माणूस आला, त्याने मीटर आत सोडला आणि मग टॉर्च मारला. मुरुगेसन तळाशी पडला होता. श्वासाचे सिलिंडर लावून माणसं उतरली, त्याला वर काढलं, पण उशीर झाला होता.

चौकशी झाली. मला विचारलं, त्याला आत जायला कोणी सांगितलं? आणि मी म्हणालो — "मी त्याला थांब म्हणालो होतो. तो आपणहून उतरला."

इथपर्यंत लिहायला मला चार दिवस लागले. खोडलं, परत लिहिलं.

आमचं बोलणं ऐकणारं तिथे कोणी नव्हतं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या पोरांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाहीत. चेक अण्णा हवा न तपासता उतरला, हे त्यांच्यातल्या कुणालाही पटलेलं नव्हतं. पण मी मॅनेजर. कागदावर आलं, की कामगाराने नियम मोडून प्रवेश केला. तोच कागद त्याच्या गावी गेला. मी मनाशी म्हणायचो, आता खरं सांगितलं तरी माणूस थोडाच परत येणार आहे? मला मुलगी आहे, घर आहे... आणि असे दिवस जात राहिले. जितके जास्त दिवस गेले, तितकं तोंड उघडणं अवघड होत गेलं. बायकोलाही, अनघालाही, मी बोललो नाही. तिला वाटायचं, अपघाताचा धक्का बसलाय. ती माझ्यासाठी देवाला नमस्कार करायची आणि मी बघत राहायचो.

आता मुख्य गोष्ट. गेल्या जून महिन्यात यार्डने मला नॉर्वेला पाठवलं. पश्चिम किनाऱ्यावर एक लहानसं बेट आहे, तिथल्या कारखान्यात जहाजावरचे विंच, म्हणजे जाड दोर ओढायची यंत्रं, बनतात. आमच्या एका नव्या कामासाठी विंच घ्यायचे होते, त्यांची चाचणी बघायला मी एकटा गेलो होतो. त्या जुन्या अपघाताचा आणि या कारखान्याचा काडीमात्र संबंध नव्हता. ते जहाज जपानी मालकाचं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे तुम्हीही माझ्यासारखेच दुवे शोधायला लागाल.

शनिवारी संध्याकाळी फेरीबोटीने बेटावर पोचलो. चाचणी सोमवारी. रविवारी गावात करण्यासारखं काहीच नाही. तीसेक घरं, एक दुकान, तेही बंद. बारीक पाऊस आणि जून असूनही आपल्याला हुडहुडी भरेल अशी हवा. अनघाशी फोनवर बोललो तर ती म्हणाली, "अरे, मग ते चर्च तरी बघून ये. तू पाठवलेल्या फोटोत मागे दिसतंय ना पांढरं? फोटो काढ चांगले." म्हणून निघालो. शिवाय तिथे आत हीटर असेल, हाही विचार होताच.

चर्च दोनशे वर्षांहून जुनं. पूर्ण लाकडाचं, बाहेरून पांढरा रंग, वर निमुळतं शिखर. भोवती कबरी, आणि त्यांच्यापलीकडे लगेच समुद्र. दारासमोर पायरी म्हणून एक मोठी काळी फरशी होती. मी आत गेलो तेव्हा अकराची प्रार्थना सुरू व्हायची होती. दाराशी एक सत्तरीच्या बाई उभ्या होत्या, त्यांनी माझ्या हातात गाण्यांचं पुस्तक दिलं आणि हसून इंग्रजीत म्हणाल्या, "वेलकम." मग माझ्या खांद्यावरून मागे बघून पुन्हा एकदा म्हणाल्या, "वेलकम." माझ्यामागून आणखी कुणी गावकरी येत असेल, असं समजून मी पुढे सरकलो. वळून पाहिलं नाही.

आतमध्ये मी पहिल्यांदा इंजिनिअरच्या नजरेनेच पाहिलं. ओंडक्यावर ओंडका रचलेल्या भिंती, त्यांना फिकट निळा रंग. खिळा कमी, खाचा जास्त. डांबराचा आणि जुन्या लाकडाचा वास. बाकांना छोटी छोटी दारं होती. छताला लोखंडी कांबीने एक शिडाचं जहाज टांगलेलं होतं, हातभर लांबीचं, दोर-डोलकाठ्यांसकट. बेटावरच्या खलाशांसाठी ते टांगलेलं असतं, हे मला नंतर कळलं. मी सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. वीसेक माणसं असतील. पाद्री दुसऱ्या बेटावरून बोटीने आलेले. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण ऑर्गनचे सूर आणि सगळ्यांचं ते संथ गाणं ऐकत बसायला बरं वाटत होतं.

फक्त एका गोष्टीचा त्रास होत होता. दाराशी बसलेल्या त्या बाई सारख्या उठून बाहेर जात होत्या. दार उघडलं की गार वाऱ्याचा झोत थेट माझ्या मानेवर. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्या आत आल्या तेव्हा मी जरा वैतागूनच मागे पाहिलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेतही नाराजी होती. मला कळेना, मी काय केलं? बूट चिखलाचे होते का? मोबाईल वाजला का?

प्रार्थना संपली. लोक मागच्या बाजूला कॉफीसाठी जमले. बाई सरळ माझ्याकडे आल्या. त्यांचं नाव सोलवाय. चर्चच्या किल्ल्या, मेणबत्त्या, कॉफी हे सगळं त्यांच्याकडे असतं.

"तुमच्या मित्राला आता तरी आत बोलवा," त्या म्हणाल्या. "तासभर बाहेर उभाय. आजारी पडेल."

"माझा मित्र? मी एकटाच आलोय."

"तुमच्या मागोमाग आलेला. तुमच्याच देशातला दिसतो."

मी म्हणालो, काहीतरी गैरसमज होतोय, बेटावर माझ्या ओळखीचं कोणी नाही. त्यांना माझं म्हणणं उद्धटपणाचं वाटलं असावं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याने दारात बूट काढले. बुटांत मोजे घालून कडेला नीट ठेवले. मी सांगितलं, इथे बूट काढावे लागत नाहीत. तो नुसता हसला. अंगात कामाचा निळा डगला, गळ्यात टॉवेल. मी तीनदा बाहेर जाऊन त्याला बोलावलं."

माझ्या हातात ते गाण्यांचं पुस्तक होतं. ते मी बाकावर ठेवलं, हे मला आठवतं.

"मिशी होती?" मी विचारलं.

"हो. पांढरी होत आलेली."

"काही बोलला तो?"

"एकच शब्द," त्या म्हणाल्या. "आत बोट दाखवून मला विचारलं — चेक? मला वाटलं, तिकीट वगैरे तपासतात का असं विचारतोय. मी म्हणाले, इथे काही चेक नाही, कुणीही येऊ शकतं आत. तरी तो हलला नाही. मग त्याने तुमच्याकडे बोट केलं... म्हणजे, तुम्ही सांगितल्याशिवाय येणार नाही, असं. मला तुमचा रागच आला होता."

मी बाहेर धावलो. पायरीवर कोणी नव्हतं, कडेला बूटही नव्हते. कबरी, पाऊस, खाली रिकामा धक्का. सोलवाय माझ्या मागून आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "बघा, आत्ताच गेलाय."

ती काळी फरशी पावसाने पूर्ण ओली चमकत होती. तिच्यावर दाराजवळ दोन पावलांएवढी जागा कोरडी होती. अनवाणी पावलांची... पुढे बोटांचे ठिपके कळत होते. मी वाकून बघेपर्यंत त्याच्यावर थेंब पडायला लागले आणि मिनिटभरात ती फरशीत मिसळून गेली. फोटो का नाही काढला, असं तुम्ही विचाराल. मोबाईल माझ्या खिशात होता. मला सुचलं नाही.

सोलवायबाईंना मात्र यात काही अमानवीय वाटलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीने एक लाजाळू माणूस पावसात भटकत होता. त्यांनी छत्री घेतली आणि त्या चर्चला फेरी मारून आल्या, कबरींमध्ये शोधलं, धक्क्यापर्यंत जाऊन आल्या. मी पायरीच्या कडेला बसून राहिलो. परत आल्यावर त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि कॉफीचा कप हातात दिला. लोक पांगले होते. आणि तीन वर्षं जे मी बायकोला सांगितलं नव्हतं, ते या अनोळखी बाईंना सांगितलं. टाकी, बोल्ट, चेक, चौकशीतलं ते वाक्य, सगळं.

 त्या जराशा चिडूनच म्हणाल्या, "हे मला का सांगताय? मी किल्ल्या सांभाळणारी बाई आहे."



"आमच्यात असलं काही मानत नाहीत," त्या पुढे म्हणाल्या. "मेलेली माणसं देवाकडे असतात. दारात उभी नसतात." मग कप गोळा करता करता त्या थांबल्या. "पण मी त्याच्याशी बोलले. त्याचे दात पाहिले मी, हसला तेव्हा."

मी विचारलं, मी काय करू?

"मला माहीत नाही. पाद्री एकच्या बोटीने जातात, हवं तर त्यांना विचारा." त्यांनी कप खाली ठेवले. "पण तो माझ्या दारात तासभर तुमच्या होकाराची वाट बघत होता. हे मला आवडलेलं नाही."

एवढंच. पाद्रींकडे मी गेलो नाही. सोमवारी विंचची चाचणी पाहिली, सह्या केल्या आणि सिंगापूरला परत आलो.

इथे आल्यावर मी लगेच धावत जाऊन खरं सांगितलं असेल, असं वाटत असेल तर तसं झालं नाही. सोळा दिवस मी काही केलं नाही. उलट खुलासे शोधत बसलो. त्या अपघाताची बातमी इंग्रजी पेपरात चार ओळींची आली होती, त्यात नाव नव्हतं, फोटो नव्हता. "चेक" हा शब्द तर कुठल्याच कागदावर नाही. तो यार्डातल्या माणसांनाच माहीत, आणि त्या दुपारी त्याने तो मला विचारला हे तर फक्त त्याला आणि मला. मग मी ठरवलं, की मीच प्रवासाच्या थकव्यात बडबडलो असेन आणि बाईंनी ते जुळवलं असेल. पण त्यांनी वर्णन केलं ते मी तोंड उघडण्याआधी. बेटावर आणखी कुणी भारतीय कामगार होता का? कारखान्यात ईमेल करून विचारलं. नाही, कधीच नव्हता.

शेवटी मुलीमुळे तोंड उघडलं. रविवारी दुपारी जेवताना रिया तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, व्हाय यू नेव्हर टॉक वन?" आणि तिच्या आईकडे बघून, "ही ऑल्वेज लाइक धिस, लाह." ती खोलीत गेल्यावर मी अनघाला सगळं सांगितलं. आधी अपघात. मग चर्च.

तिने चर्चबद्दल एक शब्दही विचारला नाही. ती ताटं तशीच ठेवून बसली होती. आधी म्हणाली, "आपला PR जाईल का? इथे राहू देतील ना आपल्याला?" मग, "रियाची शाळा..."  आणि मग तिने विचारलं, "त्याच्या घरी कोण कोण आहे?"

मला माहीत नव्हतं. सहा वर्षं तो माझ्या हाताखाली होता.

"तुला माहीतच नाही," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. उठून आत गेली. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. म्हणाली, "ते आधी शोध. वकिलाचं मग बघू."

जुन्या फोरमनकडून कळलं, की मुरुगेसनचा धाकटा भाऊ सेल्वम सिंगापूरमध्येच आहे, इमारतींच्या बांधकामावर. पुढच्या रविवारी दुपारी त्याला लिटिल इंडियात भेटायचं ठरलं. सुट्टीमुळे तिथे पाय ठेवायला जागा नसते. सेरांगून रोडच्या मागे एका मोकळ्या मैदानात कामगार गटागटाने बसतात, तिथे तो गवतावर एकटाच थांबला होता. चेहरा हुबेहूब भावाचा, मिशी काळी. मी साहेब म्हणून त्याने बसायला पेपर अंथरला. मी चहा आणायला निघालो तर म्हणाला, "आधी बोला सर."

मी हिंदीत सांगितलं. वाक्यं पाठ करून गेलो होतो, त्यातलं एकही बोललो नाही. "तुझ्या भावाने मला विचारलं होतं, हवा तपासली का. मी हो म्हणालो. तपासली नव्हती. आणि चौकशीत मी खोटं बोललो."

मला वाटलं, तो मारेल. आजूबाजूला शे-दोनशे माणसं होती, नुसतं ओरडला असता तरी पुरे होतं. तो गवताची काडी मोडत बसला. मग म्हणाला, "माझी वहिनी तीन वर्षं हेच सांगतेय. तो असा उतरणारच नाही. सगळ्या गावाला सांगत फिरली. शेवटी मीच तिला ओरडलो, सर. म्हणालो, सरकारचा कागद खोटा असतो का? आता गप्प बस."

त्याने फोन काढला. "तुम्हीच सांगा तिला."

व्हिडिओ कॉल लागला. एक बाई दिसल्या, मागे निळ्या रंगाची भिंत, कुकरचा आवाज. सेल्वम तमिळमध्ये काहीतरी बोलला आणि फोन माझ्या हातात दिला. मी पुन्हा तेच सांगितलं, तो वाक्यावाक्याला तमिळ करत गेला. त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी फक्त एक विचारलं. सेल्वमने हिंदीत सांगितलं — "ती म्हणतेय, त्याने विचारलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "विचारलं होतं."

त्या फोन तसाच ठेवून उठल्या. घरात कुणाला तरी त्या मोठ्याने तेच सांगत होत्या, एकदा, मग पुन्हा एकदा. शब्द कळले नाहीत, पण आवाज चढत गेला तो कळला. मग त्या परत आल्या, फोन उचलला, माझ्याकडे न बघता बंद केला.

त्यानंतर मी सेल्वमला चर्चची गोष्ट सांगितली. सांगायला नको होती, असं आता वाटतं. मला काय हवं होतं कोण जाणे... बहुतेक असं, की त्याने म्हणावं, म्हणजे अण्णाने तुम्हाला माफ केलं असेल.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं. बुटांचं ऐकल्यावर मान हलवली, "देवळात तो तसंच ठेवायचा, मोजे आत." मग तो उठला, पेपर झाडून घडी केला.

"सर, तीन वर्षं माझी वहिनी रोज त्याचा फोटो पुसते. एकदा स्वप्नात ये म्हणते. तो आला नाही. माझ्याकडे आला नाही. म्हातारी आई गेली, तेव्हाही आला नाही." त्याने घडी केलेला पेपर काखेत मारला. "मेल्यावरसुद्धा त्याला तुमच्याच मागे फिरावं लागलं. घरी का नाही गेला तो?"

 तो गर्दीत गेला.

दोन दिवसांनी मी वकिलाला घेऊन चौकशी करणाऱ्या सरकारी खात्यात गेलो आणि नवीन जबाब दिला. नोकरी लगेच थांबली. पुढे माझ्यावर काय होईल ते अजून ठरायचंय, आणि जे होईल ते बरोबरच असेल. अनघा माझ्याशी कामापुरतं बोलते. सोलवायबाईंना मी पत्र पाठवलं, त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की त्या दिवशी पाहिलं ते पाहिलं, त्यात बदल करण्यासारखं काही नाही, आणि हिवाळ्यात चर्चचं छप्पर दुरुस्त करायचंय.

लोक विचारतात, आता हलकं वाटत असेल ना? नाही वाटत. मी खरं बोललो तेही मला कोणीतरी दारात उभं राहून भाग पाडलं म्हणून. ती कोरडी पावलं कुणाची, एका अनोळखी बाईला तो शब्द कुठून कळला, यावर मी डोकं फोडून घेतलं. इंजिनिअर म्हणून माझ्याकडे एकही उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन.

पण खरं सांगू, त्याचं उत्तर मिळालं तरी माझं भागणार नाही. सेल्वमने जे विचारलं, ते मला रोज आठवतं. इतक्या लांब, माहीत नसलेल्या बेटावर, पावसात तो माझ्यामागे आला. आणि घरी गेला नाही.